बॉलरूम नृत्य आणि पूर्वशिक्षणाचे संस्कार : पुण्यातील नृत्यशिक्षणाच्या संदर्भात एक चिकित्सा

१. प्रस्तावना

एका नृत्यशैलीचे शिक्षण दुसऱ्या शैलीस उपकारक ठरते, हे विधान नृत्यवर्गांतून इतक्या सहजतेने केले जाते की त्याची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. बॉलरूम नृत्याच्या बाबतीत तर ते गृहीतच धरले जाते. बॅले शिकलेल्यास वॉल्ट्झ लवकर येते, जाझ शिकलेल्यास चा-चा-चा सोपे जाते, आणि कथक शिकलेल्या मुलीला गिरक्या शिकवाव्या लागत नाहीत, असे सांगितले जाते. यात तथ्य आहे. परंतु ते अर्धे आहे. उरलेले अर्धे तपासले नाही, तर विद्यार्थ्याचे पूर्वशिक्षण त्याला साहाय्य करण्याऐवजी अडसर का ठरते, याचा उलगडा होत नाही.

पुणे शहरात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. कथकची सुमारे पाऊण शतकाची अखंड अध्यापनपरंपरा येथे आहे. विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात १९८७ पासून प्रयोगकलांचे पदवीशिक्षण दिले जाते. स्नेहसंमेलनांत आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत पाश्चात्त्य युगुलनृत्ये आता नित्याची झाली आहेत. साहजिकच कथक वा भरतनाट्यम यांत काही वर्षे घालविलेले विद्यार्थी बॉलरूमकडे वळतात. आपली आधीची साधना येथे कितपत उपयोगी पडेल, हा त्यांचा प्रश्न असतो. त्याला ‘सर्वस्वी उपयोगी पडेल’ किंवा ‘सारे विसरा आणि नव्याने सुरुवात करा’ अशी दोनच उत्तरे मिळतात. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे : पूर्वशिक्षणाचा लाभ त्या शैलीच्या हस्तमुद्रा, पदन्यास वा ठेवणी यांतून होत नाही, तो त्यांच्यामागे असलेल्या लयविषयक व शारीरिक शिस्तीतून होतो. शिवाय, जोडीदाराच्या भाराशी आपला भार जुळविण्याची जी क्षमता बॉलरूमच्या मुळाशी आहे, ती आपल्या एकल शास्त्रीय नृत्यांत मुख्यत्वे नाही. तिचा उगम महाराष्ट्रात शोधावयाचा तर फुगडीकडे जावे लागते.

२. बॉलरूमची घडण : स्वीकार आणि त्याग

बॉलरूम नृत्याचा इतिहासच या प्रतिपादनास पुष्टी देणारा आहे. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील युरोपात दिवाणखान्यातील नृत्ये शिकविणारे शिक्षक बव्हंशी बॅलेच्या परंपरेतून आलेले असत. पाऊल बाहेरच्या बाजूस वळवून ठेवण्याची बॅलेची रीत त्यांनी सामाजिक नृत्यातही आणली होती. पहिल्या महायुद्धानंतर हे चित्र पालटले. लंडनमधील ‘इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग’ ही संस्था १९०४ साली स्थापन झाली होती. १९२४ मध्ये तिने बॉलरूमसाठी स्वतंत्र शाखा काढली आणि तंत्राचे प्रमाणीकरण हाती घेतले. १९२२ साली जागतिक विजेता ठरलेला व्हिक्टर सिल्व्हेस्टर हा या पिढीचा ठळक प्रतिनिधी होय. या पिढीने बाहेर वळविलेले पाऊल सोडून दिले. पावले समांतर ठेवावीत, चाल माणसाच्या नैसर्गिक चालण्यासारखी असावी, हा नव्या इंग्लिश शैलीचा पाया ठरला.

म्हणजे बॉलरूमने बॅलेचे बाह्यरूप टाकले. मात्र पाठीच्या कण्याची उंची, तोल आणि पावलाच्या सांध्यांवरील ताबा यांबाबतचा बॅलेचा आग्रह टाकला नाही. आजही स्पर्धात्मक नर्तक बॅलेचे धडे घेतात, ते वॉल्ट्झमध्ये बॅलेच्या ठेवणी मिसळण्यासाठी नव्हे. पाऊल, कणा आणि गिरकी यांवर हुकमत यावी म्हणून. एका शैलीने दुसरीकडून शिस्त घ्यावी आणि रूप मागे ठेवावे, हा न्याय येथे प्रथम दिसतो.

याउलट दिशेचे उदाहरण आपल्या शेजारी गोव्यात आहे. एकोणिसाव्या शतकात सासष्टीतील ख्रिस्ती उच्चवर्गीय घरांच्या दिवाणखान्यांत युरोपीय सामाजिक नृत्ये रुजली आणि त्याच परिसरात मांडो आकारास आला. स्त्रिया व पुरुष समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात, संथ लयीत जागा बदलतात, हाती पंखा वा रुमाल असतो. संगीतात व्हायोलिनच्या जोडीला घुमट वाजतो. युरोपीय नृत्याची रांग, सामोरेपण आणि संयत पदन्यास मांडोने घेतला. आलिंगनसदृश पकड मात्र घेतली नाही. काय घ्यावे आणि काय सोडावे, याचा निर्णय त्या समाजाने आपल्या मर्यादांच्या जाणिवेने केला.

पुण्याची पूर्वपीठिका वेगळी आहे. येथे बॉलरूम लष्कर भागातील क्लबांत आणि राज्यकर्त्यांच्या समारंभांत राहिले. शहराच्या पेठांशी त्याचा संबंध आला तो परकेपणाच्या नात्याने. आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत ही पूर्वी गव्हर्नरचे गणेशखिंड येथील निवासस्थान होती. तेथील हीरक महोत्सवाच्या समारंभाहून परतताना २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हा प्रसंग पुण्याच्या स्मृतीत आहे. साहेबाच्या करमणुकीविषयीचा दुरावा असा इतिहासातून आलेला आहे. ज्या आवारात तो समारंभ झाला, त्याच आवारात पुढे ललित कला केंद्र उभे राहिले, ही घटना मात्र शहराने नृत्याबाबत किती अंतर कापले आहे याची खूण मानता येईल.

३. कथकचे देणे

कथकच्या विद्यार्थिनीपाशी बॉलरूमसाठी सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, असे विचारल्यास उत्तर ‘गिरकी’ असे येते. माझ्या मते ते उत्तर ‘लय’ असे असावयास हवे. कथकमध्ये लय आधी मुखाने म्हटली जाते, हाताने धरली जाते आणि मग पायांत उतरते. पढंतीची ही सवय बॉलरूमच्या वर्गात सहसा नसते. तेथे शिक्षक ‘एक-दोन-तीन’ मोजतो आणि विद्यार्थी त्याच्या मोजण्यावर विसंबतात. संगीत सुरू झाले आणि मोजणे थांबले की पावले चुकू लागतात.

वॉल्ट्झचे उदाहरण घेऊ. स्पर्धेतील वॉल्ट्झची गती मिनिटाला २८ ते ३० बार, म्हणजे ८४ ते ९० ठोके असते. प्रत्येक बारात तीन ठोके आणि तीन पावले असल्याने पहिल्या बाराची सुरुवात उजव्या पायाने झाली, तर दुसऱ्याची डाव्या पायाने होते. नवशिक्या विद्यार्थ्याचा गोंधळ नेमका येथे होतो. कथकच्या विद्यार्थिनीला मात्र दोन बार मिळून सहा मात्रांचा दादरा सहज दिसतो : पहिल्या तीन मात्रा टाळीच्या, दुसऱ्या तीन खालीच्या. पाय बदलला म्हणजे खाली आली, एवढे ओळखले की तिच्या मनात आवर्तन पूर्ण होते. फॉक्सट्रॉटमध्ये ‘स्लो’ दोन मात्रांचा आणि ‘क्विक’ एका मात्रेचा असतो. टँगोमध्ये हेच प्रमाण एक मात्रा व अर्धी मात्रा असे होते. ठाय आणि दुगुन हाताने धरण्याची सवय असलेल्या विद्यार्थिनीस हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

दुसरे देणे अधिक सूक्ष्म आहे. कथकला ‘एकल’ नृत्य म्हणताना आपण तबलावादकास विसरतो. कथकचा खरा जोडीदार तोच. नर्तकीने एखादी तिहाई उपजेने घेतली तर तो तिच्या पुढच्या हालचालीचा अंदाज घेऊन समेवर तिच्यासोबत पोहोचतो. कधी तो सुचवितो आणि ती उत्तर देते. बॉलरूममधील ‘लीड’ व ‘फॉलो’ यांचे नाते याहून फार वेगळे नाही. अंदाज बांधावा, परंतु घाई करू नये; सूचना पूर्ण होऊ द्यावी, पण उत्तर उशिरा देऊ नये. फरक इतकाच की कथकमध्ये हा संवाद कानाने होतो, बॉलरूममध्ये स्पर्शाने. शिक्षकाने हे साम्य उलगडून दाखविले, तर विद्यार्थिनीस ‘फॉलो’ म्हणजे शरणागती न वाटता साथसंगत वाटू लागते.

४. कथकचे अडथळे

आता दुसरी बाजू. ज्या गिरकीविषयी सर्वाधिक भरवसा असतो, तिथेच अडचण उद्भवते. कथकमधील चक्कर जागेवर, स्वतःच्या अक्षाभोवती, बहुधा टाचेच्या आधाराने घेतली जाते. नजर समोरच्या एका बिंदूवर रोखलेली असते आणि शरीर वळल्यानंतर मान झटक्याने त्या बिंदूकडे परतते. वॉल्ट्झमधील उजवीकडचे वळण सहा पावलांत पाऊण वळसा घेते, आणि तो घेत असतानाच जोडी दालनातून पुढे सरकत असते. तेथे अक्ष एकीचा नसून दोघांच्या मिळून बनलेला असतो. बंद पकडीत मान झटकली की जोडीदाराच्या हातापर्यंत धक्का पोहोचतो आणि फ्रेम मोडते. याच मानेच्या सवयीचा लॅटिन नृत्यांतील मोकळ्या गिरकीत मात्र उत्तम उपयोग होतो. एकच कौशल्य एका ठिकाणी गुण आणि दुसऱ्या ठिकाणी दोष ठरते.

फॉक्सट्रॉटमध्ये स्त्रीच्या वाट्याला येणारे टाचेवरील वळण पाहिले, तर कथकच्या विद्यार्थिनीस ते ओळखीचे वाटते; आणि म्हणूनच ती फसते. चक्करीस लागणारी गती ती स्वतःच्या हातांनी व खांद्यांनी निर्माण करीत आलेली असते. येथे मागे टाकलेल्या पावलावर भार जातो, दुसरे पाऊल त्याला येऊन मिळते आणि वळण्याची गती जोडीदाराच्या पुढे सरकण्यातून येते. तिने स्वतःहून वळायचे ठरविले की ती जोडीदाराआधी वळून मोकळी होते.

दुसरा अडथळा आघाताचा. ततकारात पाऊल सपाट पडते, जमिनीतून नाद काढते आणि गुडघे बहुतांशी सरळ राहतात. वॉल्ट्झच्या पुढच्या पावलात आधी टाच टेकते, मग तळवा. गुडघा वाकतो, पहिल्या ठोक्याच्या अखेरीस शरीर उंचावू लागते आणि तिसऱ्याच्या अखेरीस खाली येते. कथकमध्ये समेवर येऊन थांबणे हे सौंदर्य आहे. वॉल्ट्झमध्ये प्रत्येक पहिल्या ठोक्यावर थांबणे हा दोष आहे, कारण तेथे ओघ तुटतो. कथकची सवय आघाताची आणि वॉल्ट्झची गरज ओघाची, असे याचे सार काढता येईल.

तिसरा अडथळा दिशेचा आहे. शास्त्रीय नृत्य आणि लावणी ही दोन्ही प्रेक्षकास संबोधून होतात. लावणीतील अदा बैठकीतील वा समोरील रसिकासाठी असते. रुंबातील भाव आधी जोडीदारासाठी असतो. प्रेक्षक तो पाहतो, पण तो प्रेक्षकाला उद्देशून नसतो. ज्या विद्यार्थिनीला अभिनय उत्तम येतो, ती रुंबात बहुधा जोडीदारास सोडून सभागृहाशी बोलू लागते.

५. फुगडी आणि लेझीम : दुर्लक्षित पूर्वशिक्षण

मग जोडीदाराच्या भाराचे शिक्षण कोठून मिळणार? आपल्या नृत्यचर्चेत फुगडीची गणना ‘खेळ’ म्हणून होते. मंगळागौरीच्या रात्री खेळली जाणारी, वारीच्या वाटेवर पुरुषही घालतात ती ही फुगडी, शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र एक अत्यंत काटेकोर युगुलनृत्य आहे. दोघी हात गुंफतात, पावले जवळ आणतात, शरीरे मागे झुकवितात आणि मध्यभागी निर्माण झालेल्या सामाईक अक्षाभोवती फिरतात. या अक्षावर दोघींपैकी कोणीच उभी नसते. हात ढिले सोडले तर फुगडी सुटते. ओढले तर तोल जातो. हातांत योग्य तितकाच ताण राखणे आणि तो समोरच्या व्यक्तीच्या वजनानुसार क्षणोक्षणी बदलणे, हेच फुगडीचे मर्म आहे. एका हाताच्या फुगडीत हाच ताण अर्ध्या आधारावर सांभाळावा लागतो.

बॉलरूमचे शिक्षक ज्याला ‘फ्रेममधील टोन’ म्हणतात आणि जे शब्दांत समजावून सांगणे त्यांना अवघड जाते, ते हेच आहे. जाइव्हमधील एकमेकांपासून दूर जाताना हातांत येणारा ताण फुगडी घातलेल्या मुलीस सांगावा लागू नये. व्हिएनीज वॉल्ट्झमध्ये, जेथे मिनिटाला ५८ ते ६० बार अशा वेगाने जोडी सतत फिरते, तेथे सामाईक अक्षाची जाणीव हीच जोडीला तारते.

येथे एक आक्षेप संभवतो. फुगडीत शरीरे परस्परांपासून दूर झुकतात. वॉल्ट्झच्या पकडीत प्रत्येकाने आपल्याच पायांवर उभे राहावयाचे असते. मागे झुकण्याची सवय वॉल्ट्झमध्ये नेली, तर जोडीदाराच्या पाठीवर भार पडेल. हा आक्षेप योग्य आहे; परंतु तो फुगडीच्या रूपास लागू पडतो, शिस्तीस नव्हे. झुकणे मागे ठेवावयाचे आणि समोरच्याचे वजन हाताने वाचण्याची सवय बरोबर घ्यावयाची, हाच आधी सांगितलेला न्याय येथेही लागू होतो.

फुगडीत आणखी एक गोष्ट आहे. तेथे नेणारी आणि मागे जाणारी असा भेद नसतो. बॉलरूममध्ये पुरुषाने न्यावे आणि स्त्रीने जावे ही रूढी अद्याप बहुतेक वर्गांतून चालते. दोन्ही भूमिका दोघांनाही शिकविल्या, तर नेणाऱ्यास आपली सूचना समोरच्या शरीरात कशी पोहोचते हे कळते. फुगडीपासून आरंभ केल्यास ही समता वेगळी शिकवावी लागणार नाही. शिवाय अनोळखी सहाध्यायाचा हात धरण्याचा जो संकोच आपल्या विद्यार्थ्यांत, विशेषतः ग्रामीण भागातून आलेल्यांत असतो, तो परिचित खेळाच्या मार्गाने सुकर होतो.

लेझमीचा उल्लेख थोडक्यात करतो. शाळेत लेझीम खेळलेल्या विद्यार्थ्यास गुडघे वाकवून लयीत पुढे सरकणे, रांगेतील अंतर राखणे आणि शेजाऱ्याच्या हालचालीची दखल घेणे ठाऊक असते. बॉलरूममध्ये सर्व जोड्या दालनातून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात आणि एकमेकींवर आदळू नयेत याचे भान प्रत्येकीस ठेवावे लागते. जागेवर नाचणाऱ्या शैलींपेक्षा लेझीम या बाबतीत अधिक उपयोगी आहे.

६. मिश्रणाचा मोह

वरील विवेचनाच्या पार्श्वभूमीवर आजच्या रंगमंचावरील प्रघाताकडे पाहिले असता विसंगती जाणवते. बीबीसीच्या ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ या मालिकेवर बेतलेली ‘झलक दिखला जा’ २००६ मध्ये भारतीय दूरचित्रवाणीवर आली आणि बॉलरूमची नावे घरोघर पोहोचली. हे श्रेय मोठे आहे. त्याबरोबर एक अभिरुचीही आली : युगुलनृत्य कॅमेऱ्याकडे तोंड करून करावयाचे आणि त्यात अन्य शैलींचे तुकडे गुंफावयाचे. आपल्या आंतरमहाविद्यालयीन रंगमंचावरही टँगोच्या मध्ये कथकचा तुकडा, रुंबाच्या अखेरीस लावणीचा ठसका असे प्रयोग दिसतात.

अशा मिश्रणास तत्त्वतः विरोध करण्याचे कारण नाही. परंतु त्यात एका शैलीचे रूप दुसरीस चिकटविले जाते आणि शिस्त मात्र दोहोंचीही सुटते, हे लक्षात घ्यावयास हवे. टँगोमध्ये हस्तक घेतला म्हणजे टँगो सुधारत नाही. टँगोतील पाऊल दुगुनीच्या अचूकतेने पडले, तर तो सुधारतो; आणि त्यात कथक कोठेही दिसत नाही. पूर्वशिक्षण जेथे खरोखर मुरलेले असते, तेथे ते प्रेक्षकास वेगळे ओळखता येत नाही, ही कसोटी समीक्षकाने हाताशी ठेवावी.

७. रोहिणी भाटे यांचा दाखला

या कसोटीस उतरणारे उदाहरण पुण्यातच आहे. रोहिणी भाटे (१९२४–२००८) यांनी आरंभी पार्वतीकुमार यांच्याकडे भरतनाट्यमचे शिक्षण घेतले. पुढे त्या सोहनलाल यांच्याकडे जयपूर घराण्याचे कथक शिकल्या, १९४७ साली त्यांनी पुण्यात ‘नृत्यभारती’ स्थापन केली, आणि नंतर लच्छू महाराज व मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडून लखनौ घराण्याचे दीर्घ शिक्षण घेतले. केशवराव भोळे व वसंतराव देशपांडे यांच्याकडे त्या संगीत शिकल्या. पाश्चात्त्य नृत्यातील रूढ तंत्राविरुद्ध उभ्या राहिलेल्या इसाडोरा डंकनचे आत्मचरित्र त्यांनी ‘मी इसाडोरा’ या नावाने मराठीत आणले.

भरतनाट्यम, दोन घराणी, कंठसंगीत आणि इसाडोरा, इतके भिन्न संस्कार होऊनही त्यांची ओळख कथक नर्तकी हीच राहिली. भाटे यांचा बॉलरूमशी संबंध नव्हता. त्यांचा दाखला येथे पद्धतीपुरता आहे. दुसऱ्या शैलीकडे जाताना काय मिसळता येईल, यापेक्षा माझ्या शैलीत काय खोल होईल, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो, एवढे त्यावरून म्हणता येते.

८. समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रयोगकलांना सहअभ्यासक्रमात श्रेयांक मिळू लागले आहेत. नृत्य आता स्नेहसंमेलनापूर्वीच्या पंधरवड्यापुरते न राहता वेळापत्रकात येऊ शकते. अशा वेळी पाश्चात्त्य युगुलनृत्याचा एखादा अल्प अभ्यासक्रम आखणाऱ्या महाविद्यालयांसाठी या विवेचनातून तीन सूचना निष्पन्न होतात.

पहिली, प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याचे पूर्वशिक्षण विचारावे आणि त्यातील काय न्यावयाचे व काय मागे ठेवावयाचे हे त्यास स्पष्ट सांगावे. कथकच्या विद्यार्थिनीस लय आणि साथसंगत न्यावयाची आहे. आघात, बंद पकडीतील मानेचा झटका आणि प्रेक्षकाकडील नजर मागे ठेवावयाची आहे. दुसरी, जोडीदाराच्या भाराचे शिक्षण फुगडीपासून सुरू करावे. त्यास सामग्री लागत नाही आणि ते विद्यार्थ्यांच्या अनुभवविश्वातील आहे. तिसरी, मूल्यमापनात मिश्रणाच्या नावीन्यास गुण देण्याऐवजी जोडीच्या संवादास गुण द्यावेत.

बॉलरूम हे आपल्या शहरात दीर्घकाळ परके राहिले. ते आपलेसे करण्याचा मार्ग त्याला देशी वेश चढविण्याचा नाही. ज्या शिस्ती आपल्या अंगणात, तालमीत आणि कथकच्या वर्गात आधीपासून आहेत, त्यांच्या आधारे ते नीट शिकणे हा तो मार्ग होय. तसे झाले, तर कथकच्या दहा वर्षांच्या साधनेनंतर बॉलरूमच्या वर्गात पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थिनीस आपले आधीचे श्रम वाया गेले असे वाटणार नाही. आणि ते श्रमच पुरेसे आहेत, असा भ्रमही तिला होणार नाही.